हंसाबाई घरी आल्या त्या दिवशी

"पुन्हा एकदा," आई म्हणाली. "आबांनी चष्मा वर सारला तर?"

"हो म्हणायचं."

"मी पदर सारखा केला तर?"

"नाही म्हणायचं."

"आणि दोघांनीही काहीच केलं नाही तर?"

"खाली बघून लाजायचं."

"शाब्बास," आई म्हणाली आणि माझ्या निऱ्या परत एकदा ओढून सरळ केल्या. नाटक माझं होतं, पण धडधड तिलाच जास्त होत होती.

हे नाटक आम्ही आठवडाभर बसवत होतो. साताऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या मांडून, एकीवर आबा मुलाचे मामा होऊन बसायचे आणि ओठ न हलवता मला प्रश्न विचारायचे. पाहुणे गडहिंग्लजहून यायचे होते. मुलगा रणजित, साखर कारखान्यात केमिस्ट, घरची थोडी शेती, फोटोत हसरा. खोटं कशाला सांगू, फोटो मला आवडला होता. पाहुण्यांपासून एकच गोष्ट लपवायची होती, ती म्हणजे मला ऐकू येत नाही. कमी येतं असं नव्हे. अजिबात येत नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मला मेंदूज्वर झाला. ताप उतरला आणि जाताना कान घेऊन गेला. त्याआधी माझ्या तोंडाचा पट्टा गल्लीत प्रसिद्ध होता. वक्तृत्व स्पर्धेला उभी राहिले की परीक्षक घंटा वाजवून दमायचे. आवाज शाबूत राहिला, उच्चार शाबूत राहिले, त्यामुळे मी बोलले की कुणाला शंका येत नसे. समोरचा बोलू लागला की पंचाईत. ओळखीची तोंडं वाचता येत, अनोळखी तोंडांपुढे मी ठार अडाणी.

पहिल्या काही स्थळांना आम्ही खरं सांगितलं. सगळ्यांनी पोहे आवडीने खाल्ले, चहा घेतला आणि "कळवतो" म्हणून गेले. शेवटच्या वेळी आई माजघरात पाटावर बसून खूप रडली आणि तिने ठरवलं की आता सांगायचं नाही. लग्न होऊ दे, मग पोरगी आपल्या गुणांनी माणसं जिंकेल. मी हो म्हटलं. मलाही माझं घर हवं होतं. आपलं हे असंच राहणार, आई-आबांच्या मागे भावाच्या दारात पडून राहायचं, ही भीती मला रात्रंदिवस होती.

आईचा एक नियम मात्र मी अंथरुणातून उठले त्या दिवसापासूनचा होता. हातवारे करायचे नाहीत. काही कळलं नाही तर गप्प बसायचं, पण हाताने विचारायचं नाही. "चारचौघांत हात हलवू नकोस गं," ती म्हणायची, "लोक मुकी म्हणतील." तिच्या लेखी बहिरी मुलगी खपून जाईल, मुकी खपणार नाही, असा काहीतरी हिशेब होता.

आणि तिला माहीत नव्हतं की तिची मुलगी वर्षभर दर रविवारी हात हलवायला जात होती.

त्याचं असं झालं. चुलतभावाच्या लग्नाच्या पत्रिका छापायच्या होत्या म्हणून आबांबरोबर मी पोवई नाक्याजवळच्या एका छापखान्यात गेले होते. मालक आबांशी बोलत होते आणि मी सवयीने त्यांच्या तोंडाकडे डोळे लावून उभी होते. मागे छपाईच्या शिशाच्या खिळ्यांच्या लाकडी खणांपुढे चाळिशीची एक बाई अक्षरं जुळवत होती. बोटं शाईने काळी, अंबाड्यात अबोलीचा गजरा. तिने मान वर केली, माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि खिळे ठेवून सरळ माझ्यापुढे आली. कानाला बोट लावलं, ते ओठांवर आणलं, भुवया उंचावल्या. तू बहिरी ना?

मला इतका राग आला की काही विचारू नका. मी मान जोरात हलवली. नाही. त्यावर ती बाई मनापासून हसली, प्रुफाच्या कागदाचा तुकडा फाडून त्यावर "रविवार, चार, नगरपालिकेची शाळा" असं लिहिलं आणि तो माझ्या हातात कोंबला. कानाने ऐकणारा माणूस तोंडाकडे असा बघत नाही, हे तिला कळलं होतं. दुसऱ्या कुणालाच कधी कळलं नव्हतं.

त्या हंसाबाई पोतदार. जन्मापासून बहिऱ्या.

रविवारी मी गेले ती भांडायच्या तयारीने. वर्गात पंधरा-वीस माणसं होती आणि सगळी एकाच वेळी बोलत होती. हाताने. कुणी बाकावर चढून खिडकीपलीकडच्याशी गप्पा मारत होतं, कुणाला हाक मारायची तर पाय आपटून फळ्यांची जमीन हादरवत होतं, कुणी दिव्याचं बटण खालीवर करत होतं. मी सवयीने दोघांच्या बोलण्यामधून वाकून, ओशाळून जाऊ लागले तर हंसाबाईंनी पाठीत चापट मारली. सरळ चाल. वाकलीस की तुझ्याकडे बघावं लागतं, बोलणं तुटतं. मग त्यांनी मला उभं करून पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांना सांगितलं, "जाड. रंग छान. केस विंचरत नाही." मी पुन्हा संतापले. हळूहळू कळलं की तिथे कुणी अपमान करत नव्हतं. डोळ्यांना दिसतं ते सांगायचं, एवढंच. मागे कुजबुज करायची सोयच नाही, सगळं सगळ्यांना दिसतं. त्यामुळे ज्या घरात आजारी पडल्यापासून माझ्याबद्दल कुणी खरं बोललं नव्हतं, त्याच्यापेक्षा मला तो वर्ग बरा वाटू लागला.

नाव आपण आपलं ठेवायचं नाही, ते इतरांनी द्यायचं, ही तिथली रीत. माझं नाव चारुशीला, तोच थाट मला इथेही कायम ठेवायचा होता, म्हणून कमळ वगैरे सुचवून पाहिलं. कुणी ढुंकूनही बघितलं नाही. माझ्या हनुवटीवर तीळ आहे. हंसाबाईंनी हनुवटीला करंगळी टेकवली आणि झालं माझं बारसं.

त्या गोष्टी सांगत तेव्हा मी माझी वक्तृत्वाची बक्षिसं मनातल्या मनात माळ्यावर टाकत असे. कृष्णेच्या पुलावर बिथरलेल्या बैलाची गोष्ट त्या सांगत. बैल त्याच, गाडीवान त्याच, खालून हसणाऱ्या, धुणं धुणाऱ्या बायाही त्याच. नुसती मान वळली की माणूस बदले. मी सांगायला उभी राहिले की मला थांबवत. "चेहरा कुठे? घरी ठेवून आलीस?" मी मराठीतलं वाक्य शब्दाला शब्द हातात भरून उभी असायची आणि त्यांना त्यात काही दिसत नसे. आधी जागा दाखव. मग माणूस. मग काय घडलं. तसं बघायला शिकता शिकता माझं वर्गाबाहेरचंही बघणं बदललं. मंडईतल्या भांडणात आधी कोण घाबरलं, आबांनी कुठलं दुखणं लपवलंय, हे मला दिसू लागलं. इतके दिवस मी फक्त तोंडं बघत होते, माणसं बघतच नव्हते.

एकाच गोष्टीवर हंसाबाई चिडत. कुणी नवा मुलगा येऊन पोटावर हात मारून, तोंडाकडे बोटं नेऊन काही मागू लागला, की त्या त्याचे हात धरून खाली करायच्या. "ही भीक. ही भाषा नाही." लोकांना आपल्याकडून एवढंच अपेक्षित असतं, म्हणून आपण ते कधीच करायचं नाही, असं त्या शिकवायच्या. रस्त्यात, दुकानात, कुठेही. त्या स्वतः दुकानदारापुढे कागदावर सुबक अक्षरात लिहून ठेवायच्या आणि ताठ उभ्या राहायच्या.

घरी मी सांगितलं होतं की मैत्रिणीकडे भरतकाम शिकते. वर्षभर शिकून एक रुमालसुद्धा घरी आला नाही, हे आईच्या कसं लक्षात आलं नाही कोण जाणे.

पाहण्याचा कार्यक्रम ठरला आणि आईने माझं बाहेर जाणं बंद केलं. उन्हाने चेहरा रापतो म्हणे. दोन-तीन रविवार माझे बुडले. कळवायचं कसं? आमच्यात फोनचा उपयोग नव्हता, आणि मोबाइल तेव्हा कुणाकडेच नव्हते. बहिऱ्या माणसांची त्यावर एक साधी रीत होती. माणूस दिसला नाही, की उठून त्याच्या घरी जायचं. वेळ-अवेळ, निरोप, आमंत्रण काही नाही. दिसला नाही ना, मग बघून यायचं. ही रीत मला माहीत होती, पण हंसाबाईंना माझं घर माहीत नाही, अशा समजुतीत मी निश्चिंत होते. पत्रिकेच्या छपाईची पावती आबांच्या पत्त्यावर गेली होती, हे मी विसरले.

पाहुणे आले. रणजित, त्याची आई आणि मामा. मामांना बघून माझं धाबंच दणाणलं. त्यांना झुपकेदार मिशी होती, वरचा ओठ पुरता झाकणारी. त्यात बोलणं कोल्हापूरकडचं. तिथे ओठ वाचणं म्हणजे बंद दारावर डोकं आपटणं. मी पोह्यांच्या बशा दिल्या आणि आबा व आई दोघेही डोळ्यांच्या टप्प्यात राहतील अशा बेताने बसले.

मामांची मिशी हलली. आबांनी चष्मा वर सारला. "हो," मी म्हणाले. पुढे सगळं कळलं तेव्हा समजलं, मामांनी विचारलं होतं, "सैपाक येतो न्हवं सगळा?"

मिशी पुन्हा हलली. आईने पदर सारखा केला. "नाही," मी म्हणाले. "पुढं नोकरीबिकरी करायचा इचार हाय का?"

रणजितच्या आईचं तोंड स्वच्छ होतं, देव तिचं भलं करो. "आवड कशाची आहे गं?" तिने विचारलं, आणि मी आधाराशिवाय "वाचनाची" असं सांगून मोकळी झाले. आई खूश झाली. सगळं छान चाललं होतं. फक्त एक गोष्ट आम्ही तालमीत धरली नव्हती. वैशाखाचे दिवस, कोंदट खोली, त्यात आबांना घाम फार. घामाने त्यांचा चष्मा घसरायला लागला.

मिशी हलली. आबांनी चष्मा सावरला. "हो," मी म्हणाले, ठासून.

सगळे थांबले. मग रणजित फिसकन हसला, त्याची आई हसली, मामांची मिशीसुद्धा पसरली. आबांचा चेहरा पांढरा पडला होता. मामांनी विचारलं होतं, "पोरगी रागीट बिगीट हाय का काय?" आणि त्यांना माझा स्पष्टवक्तेपणा फार आवडला. "खरं बोलणारी हाय," ते म्हणाले म्हणे. रणजितने माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत फोटोतलंच हसू होतं. माझ्या मनात आलं, हे जमतंय. या घरी मी जाणार.

त्याच वेळी दाराच्या चौकटीत सावली पडली.

हंसाबाई. छापखान्यातून सरळ आलेल्या, शाईची बोटं, घामाने कपाळाला चिकटलेले केस. मला पाहिलं आणि चेहरा उजळला. हनुवटीला करंगळी टेकवून त्यांनी मला हाक मारली आणि दोन्ही हात भरभर चालू झाले, "कुठे होतीस? आजारी? मेलीस की काय? पूर्ण गल्ली शोधली..."

सगळे वळून बघू लागले. आई उठून उभी राहिली. मी हंसाबाईंकडे बघून मान अगदी किंचित हलवली. बाकी काही करायचं धैर्य मला झालं नाही.

त्यांना तेवढं पुरलं. त्यांनी एकदा खोलीवरून नजर फिरवली. माझी साडी, पोह्यांच्या बशा, परक्या माणसांच्या खुर्च्या, आबांचा पांढरा चेहरा. बैलाच्या गोष्टीत मान वळली की माणूस बदले, तसा त्यांचा चेहरा माझ्यासमोर बदलला. हात खाली आले.

आई अर्धी पाहुण्यांकडे वळून बोलत होती. मला तिचा एकच गाल दिसत होता, पण आईचं तोंड मी अंधारातही वाचेन. "मुकी आहे हो बिचारी. भांड्यांचं काम विचारत फिरते."

"शुभ कामाच्या वेळेला बरं दारात आलं हे," रणजितची आई म्हणाली.

आईचं बोलणं हंसाबाईंच्या बाजूने दिसत होतं की नाही, मला समजेना. पण पुढे त्यांनी जे केलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्या कमरेत वाकल्या. पदर डोक्यावरून ओढून घेतला. तोंड वेडंवाकडं उघडलं, बोटं जुळवून तोंडाकडे नेली, मग पोटावर हात मारला. एकदा, दोनदा. ज्या बाईने मला वर्षभर ताठ उभं राहायला शिकवलं, ती माझ्या दारात वाकून भीक मागत होती, आणि माझ्याकडे चुकूनही बघत नव्हती. ओळख दिसू नये म्हणून.

आईच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. "थांब हं, देते," ती म्हणाली. वर्तमानपत्राचा कागद घेऊन तिने एका बशीतले उरलेले पोहे त्यावर ओतले आणि दाराकडे निघाली. हंसाबाईंनी दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे केले.

त्या हातांमध्ये कुणी उष्टे पोहे घालावेत, हे मला सहन होईना. मी उठले. काय होईल, काय नाही, याचा विचार केला असं म्हणणं खोटं ठरेल. मी आईच्या हातातला कागद काढून घेऊन स्टुलावर ठेवला. मग हंसाबाईंपुढे उभी राहून, सगळ्यांच्या देखत, हात मोठे करून म्हणाले, "हे बंद कर. आत ये. बस. हे माझं घर."

त्यांनी डोळे वटारले. "वेडी. तुझं लग्न."

"दिसतंय मला. बस."

हाताच्या भाषेत अहो-जाहो नसतं. मान डोळ्यांत ठेवायचा असतो. मी तो ठेवला असावा, कारण त्या वाकलेल्या सरळ झाल्या, पदर खांद्यावर घेतला आणि आत येऊन माझ्या खुर्चीवर बसल्या.

मग मी पाहुण्यांकडे वळले. एकाच वेळी हाताने आणि तोंडाने बोललं की दोन्ही बोलणी बिघडतात, असं हंसाबाईंचं मत होतं, म्हणून आता फक्त तोंडाने बोलले. "या हंसाबाई पोतदार. माझ्या शिक्षिका. भांड्यांचं काम मागत नाहीत, छापखान्यात खिळे जुळवतात. त्यांना ऐकू येत नाही. मलाही येत नाही. कॉलेजात असताना ताप आला, तेव्हापासून. तुम्ही आत्तापर्यंत काय विचारलंत ते मला फारसं कळलेलं नाही. हो आणि नाही आबांच्या चष्म्यावर चाललं होतं."

मामांनी आबांच्या चष्म्याकडे पाहिलं. आबांनी तो काढला आणि हातात धरून बसले, चोरीचा माल परत करायला आणल्यासारखा.

पुढचं सगळं भरभर झालं. रणजितच्या आईचा चेहरा लाल झाला होता आणि ती जे बोलली त्यातलं "फसवणूक" मला नीट दिसलं. त्यात तिचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. मामा म्हणत होते, "आवं, आधी सांगायचं न्हवं?" हे त्यांच्या हातांवरूनच कळलं. बहिऱ्या बाईशी बोलायला हात लागतात हे त्यांना कुणी न शिकवता कळलं होतं. रणजित दारात थांबला. तोंड फाकवून, एकेक अक्षर सुटं करून त्याने मला विचारलं, "अ-जि-बा-त ऐ-कू ये-त ना-ही?"

"नाही," मी म्हणाले.

मग त्याने हंसाबाईंना नमस्कार केला, मला केला आणि चपला घालून गेला. बरा मुलगा होता. तो हातचा गेला याचं मला वाईट वाटलं, हे मी का लपवू?

घर रिकामं झालं. आबा फाटकापर्यंत पोचवायला गेले होते ते परत येऊन ओट्यावरच बसले. आई भिंतीला टेकून खाली बसली. तिचे ओठ हलले. "परक्यांच्या समोर हातवारे करायला लाज नाही वाटली तुला?"

"आई," मी म्हणाले, "आठवडाभर आपण काय करत होतो? चष्मा वर केला की हो, पदर सारखा केला की नाही. ते काय होतं?"

ओट्यावर आबांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतायत. पुढे होऊन पाहिलं तर हसत होते, डोळ्यांतून पाणी गळत असताना.

हंसाबाई आपल्या जागी शांत बसल्या होत्या. आता त्यांनी माझ्या गुडघ्यावर चापट मारून मला वळवलं. "मुलगा चांगला. नाक मोठं. मुलं झाली असती, सगळ्यांची नाकं मोठी." आणि हवेत नाकांची रांग काढून दाखवली, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. मला इतकं हसू आलं की मी साडीचा पदर तोंडात कोंबला.

"काय म्हणतेय ती?" आईने विचारलं.

मी आईकडे बघतच राहिले. तापातून उठल्यापासून जेवणाच्या पाटावर, लग्नाकार्यात, सणासुदीला, सगळे हसत आणि मी विचारत असे, काय म्हणाले, कशाला हसलात? आणि आई म्हणत असे, काही नाही गं, नंतर सांगते. ते नंतर कधीच येत नसे. आज पहिल्यांदा या घरात बोलणं चाललं होतं आणि त्याच्या बाहेर आई होती. काही नाही, नंतर सांगते, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते.

पण मी सांगितलं. नाकासकट सगळं सांगितलं. आईच्या तोंडाचा कोपरा हलला, पण ती हसली नाही.

हंसाबाई आईकडे बघत होत्या. मग त्या आईशी बोलू लागल्या, हळूहळू, आणि त्यांचे हात चालत होते तसं मी ते तोंडाने म्हणत गेले. असं याआधी कधी केलं नव्हतं. 'त्या म्हणतात' असं मध्ये घालायला वेळच नव्हता, म्हणून जे दिसलं ते जसंच्या तसं बोलले. "मी लहान होते. घरी पाहुणे आले की आई मला माळ्यावर बसवायची. शिडी काढून घ्यायची."

आईचा चेहरा एकदम उतरला. "चारू! मी तुला कधी गं माळ्यावर बसवलं?"

"मी नाही, आई. त्या बोलतायत. माझा फक्त आवाज आहे."

आईला ते कळायला थोडा वेळ लागला. ती माझ्या तोंडाकडे बघायची, मग हंसाबाईंच्या हातांकडे, पुन्हा माझ्या तोंडाकडे. मग तिने मला सोडलं आणि आपला चेहरा हंसाबाईंकडे वळवला. माझ्याकडे न बघता, त्यांच्या डोळ्यांत बघून तिने विचारलं, "मग काय करायचात तुम्ही वर बसून?"

मी ते हाताने सांगणार तोच हंसाबाईंनी मला अडवलं. त्यांना गरज नव्हती.

"फटीतून बघायचे," त्यांच्या हातांबरोबर मी बोलले. "खाली सगळे बोलायचे. मी वरून तोंडं बघायचे. बाजूनेसुद्धा. अर्धं दिसलं तरी. रोज तेच काम. शिकले." हंसाबाई थांबल्या. मग एकदम सावकाश, "आज पण कळलं. मुकी. बिचारी. भांड्यांचं काम विचारत फिरते."

हे शेवटचं मला माझ्या तोंडाने आईला सांगावं लागलं.

सगळं कळून, ही बाई वाकली होती. आईच्याच मुलीचं लग्न जमावं म्हणून, आईनेच टाकलेला शब्द खरा करून दाखवायला. हे आईला माझ्या डोळ्यांदेखत एकेक करून उमजत गेलं. तिने काही बोलायला माझ्याकडे पाहिलं, मी ऐकायला तयार झाले, पण ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, हंसाबाईंच्या खुर्चीपुढे गेली आणि आपल्या दोन्ही हातांनी आपले कान धरले.

हंसाबाईंनी तिचे हात धरून खाली घेतले. शाईचे डाग आईच्या मनगटांवर उमटले. त्या काहीतरी म्हणाल्या आणि आई वळून मला विचारू लागली, "काय म्हणाल्या? काय म्हणाल्या गं?"

"पुढच्या रविवारी चार वाजता तुम्ही पण या, म्हणतात."

"मी काय करू तिथे येऊन?" आई म्हणाली. पण हे तिने हंसाबाईंकडे बघूनच विचारलं.